लिंबावरचे भुंगेरे : उन्हाळा २०२५ च्या प्रकल्प नोंदी

९ एप्रिल, बुधवार

उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे गावानं मिळून गोळा करायचे, हा आमचा प्रकल्प कागदावर मार्चमध्येच सुरू झाला होता. रानात तो आज सुरू झाला.

आमचं शेती केंद्र कोल्हापूर जिल्ह्यात, दूधगंगेच्या खोऱ्यात. खाली नदीकाठची काळी रानं, वर मुरमाड माळ. गेल्या दिवाळीत वरच्या माळावर खोडव्याची, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाची, बेटंच्या बेटं पिवळी पडून वाळली होती. हाताला धरून ओढलं की अख्खं बेट उपटून यायचं, खाली मूळ म्हणून नाही. हुमणीनं खाल्लेला ऊस एकदा बघितला की विसरत नाही. माणूस टनाचा हिशेब मनात मांडून रानात जातो आणि हातात नुसतं वाळकं बेट घेऊन बांधावर येतो.

सकाळी सात वाजता केंद्राचे मुकादम मामा आणि दोन गडी घेऊन त्याच रानात खड्डे घेतले. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, असे पाच. वरच्या वीतभर मातीत काही नव्हतं. दीड-दोन फुटांवर कुदळीनं एक ढेकूळ फुटलं आणि आत भुंगेरा सापडला. तांबूस तपकिरी, जांभळाच्या बीएवढा. पाय पोटाशी आवळून, मातीच्या गुळगुळीत पोकळीत बसलेला. तळहातावर घेतला तर हालचाल नाही. मामा म्हणाले, "मेलाय जणू." मी थोडा वेळ मुठीत धरला. ऊब लागल्यावर एक पाय हळूच बाहेर आला.

हेच गावात सांगायचं आहे. अळीचा कोष आणि कोषाचा भुंगेरा हिवाळ्यातच झालेला असतो. तो बाहेर न येता जमिनीत बसून राहतो, वळवाच्या दमदार पावसाची वाट बघत. पाऊस पडला की त्याच संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी अंधार पडताना उठतो आणि लिंब (कडुनिंब), बाभूळ, बोर अशा झाडांवर जाऊन बसतो. तिथं पाला खातो, जोडी जमते, आणि पहाटेच्या आत पुन्हा मातीत. मग मादी अंडी घालायला लागते, एकेक करून पन्नास-साठ. वर्षभरात तो आपल्या हाताला लागतो ते एवढ्या दिवसांतच, झाडावर असताना. एकदा अंडी मातीत गेली की पुढचे सहा-आठ महिने नुकसान आणि औषधाचा खर्च, दोन्ही चालू.

पाच खड्ड्यांत मिळून अकरा भुंगेरे. मोजून वहीत लिहिले.

१२ एप्रिल, शनिवार

चैत्र पौर्णिमा. अर्धं गाव जोतिबाच्या डोंगरावर. उरलेलं गाव सासनकाठीबरोबर गेलेल्यांची जनावरं बघतंय. काम नाही. खड्ड्यांच्या जागा खुणा करून नकाशावर घेतल्या.

१६ एप्रिल, बुधवार

सोसायटीच्या ऑफिसात सकाळी अकराला बैठक ठेवली होती. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तीन दिवस आधी लिहिलं, व्हॉट्सॲपवर टाकलं. चौघं आले. त्यातले एक सोसायटीचे सचिव, त्यांना तिथं बसावंच लागतं.

वेळ चुकली, आणि ती मी ठरवली होती. शेतीपंपाची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. हा आठवडा दिवसाचा. आलेल्यांपैकी एक तात्या जाता जाता म्हणाले, "म्याडम, ह्या येळंला मोटर सोडून कोण येतंय? तुमास्नी गाव बघायचं आसंल तर सक्काळी डेरीत या. सगळं गाव तितंच असतंय." ऑफिसची वेळ धरून विस्तार कार्य, म्हणजे शेतीचं ज्ञान गावात पोचवणं, होत नाही, हे मला चार वर्षांच्या पदवीत कुणी शिकवलं नव्हतं. तात्यांनी एका वाक्यात सांगितलं.

१७ एप्रिल, गुरुवार

साडेसहाला दूध डेअरीत. किटल्या घेऊन रांग लागलेली, फॅट बघण्याचं काम चालू. रांगेतल्या माणसाकडं दहा मिनिटं असतात आणि त्याला जायला दुसरी जागा नसते. याहून चांगली शाळा नाही.

भाषण केलं नाही. दोन काचेच्या बरण्या फळीवर ठेवल्या. एकीत गेल्या ऑक्टोबरात जपून ठेवलेली हुमणीची पूर्ण वाढलेली अळी, पांढरी, विळ्यासारखी वाकलेली, तांबड्या डोक्याची. दुसरीत तसलीच अळी, पण अंगावर हिरव्या शेवाळी रंगाची पूड साठलेली, कडक झालेली. लोक आपोआप जवळ आले.

"ह्ये हिरवं काय लावलंयसा?"

लावलेलं नाही, म्हणून सांगितलं. मेटारायझियम नावाची बुरशी आहे. ती अळीच्या कातडीवर रुजते, आत शिरते, आतून अळी संपवते आणि मग बाहेर येऊन अशी हिरवी दिसते. माणसाला, गाईगुरांना त्रास नाही. पण तिला ओल लागते, कोरड्या रानात टाकून उपयोग नाही. एका म्हातारबांनी बरणी डोळ्याजवळ नेऊन फिरवून फिरवून बघितली आणि शेजारच्याला म्हणाले, "हिला बी रोग पडतोय की." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला दिवसभर पुरला.

किटली घेऊन उभ्या असलेल्या एका आजींनी मात्र मला थांबवलं. "बाई, ही तर आमच्या उकिरड्यात ढिगानं हाय. मग शेणखत घालायचंच न्हाई का?" प्रश्न अगदी नेमका होता, आणि या गैरसमजापायी लोक शेणखत टाकायला भितात. आजींबरोबर तिथूनच त्यांच्या उकिरड्यावर गेले. दोन अळ्या उकरून काढल्या आणि सपाट फरशीवर ठेवल्या. त्या उलट्या झाल्या आणि पाय वर करून पाठीवरच सरसर चालायला लागल्या. हुमणी असं चालत नाही. ती कुशीवर पडून वळवळत राहते. उकिरड्यातल्या बऱ्याच अळ्या कुजकं खाणाऱ्या असतात, पिकाची जिवंत मुळं खाणाऱ्या नव्हेत. खत चांगलं कुजलेलं असलं आणि टाकताना एकदा नजरेखालून घातलं की झालं. आजींनी नातवाला हाक मारून पाठीवर चालणारी अळी दाखवली. पोरगं फरशीवर पालथं पडून बघत राहिलं.

२४ एप्रिल, गुरुवार

उन्हाळी नाचणीची काढणी. हे काम या प्रकल्पात नाही, पण केंद्रात माणसं कमी म्हणून सगळेच सगळीकडं असतात, आणि मला ते आवडतं.

नाचणी म्हणजे पावसाळी पीक, डोंगरउताराचं, असं आपल्याकडं पिढ्यान्पिढ्या. ऊस गेल्यावर रिकाम्या रानात जानेवारीत ती लावून एप्रिल-मेमध्ये काढायची, हा बदल अलीकडचा. आमच्या प्लॉटवर फुले कासारी ही जात होती. पाणी बेतानं, खत बेतानं, कणसं मुठीसारखी आवळलेली आणि भरलेली. त्रास झाला तो पाखरांचा. या दिवसांत रानात दुसरं दाण्याचं पीक उभं नसतं, त्यामुळं सगळ्या शिवारातल्या चिमण्या आणि मुनिया इथंच. शेवटचे वीस दिवस सकाळ-संध्याकाळ राखण करावी लागली. उन्हाळी नाचणी कुणी करणार असेल तर ही गोष्ट आधी सांगायला हवी. एकट्यानं दहा गुंठे केली तर ती पाखरांचीच. चार-पाच जणांनी लागून लागून केली तर निभते.

कापणीला गावातल्या बचत गटाच्या नऊ जणी होत्या. आमच्या तक्त्यात कणसाची लांबी, फुटवे, हजार दाण्यांचं वजन असे रकाने. त्यातल्या वयानं मोठ्या आक्कांनी चार दाणे दाताखाली धरले, कट्कन आवाज ऐकला आणि विचारलं, "भाकरी थापताना चिरा पडत्यात का हिच्या?" त्याचा रकाना आमच्याकडं नव्हता. आक्का घरी दोन शेर घेऊन गेल्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हणून तर बाळतिणीला आंबील."

२८ एप्रिल, सोमवार

आक्कांचा निरोप आला. भाकरी चिरत नाही, पण पीठ जरा बारीक दळावं लागतं. तक्त्याच्या शेवटी हातानं रकाना आखून लिहिलं.

३ मे, शनिवार

शाळांना कालपासून सुट्टी. मुलांची फौज आयती मिळाली.

मारुतीच्या देवळासमोर पंचवीस-तीस पोरं जमली. गावातल्या मोठ्या लिंबांची, बाभळींची आणि बोरींची यादी त्यांनीच केली. आम्ही आठवडाभर फिरून केली असती तरी इतकी झाली नसती. कुणाच्या परड्यात लिंब आहे, कुठली बाभूळ गेल्या पावसाळ्यात पडली, सगळं तोंडपाठ. प्रत्येक चार-पाच जणांना एक झाड नेमून दिलं. सोबत मोठं माणूस असल्याशिवाय कुणी अंधारात जायचं नाही, पायात बूट किंवा चप्पल हवीच, हातात बॅटरी, आणि वीज कडाडत असेल तर झाडाखाली जायचंच नाही, हे चार वेळा म्हणून घेतलं.

गोळा केलेले भुंगेरे बुडवून मारायला रॉकेलचा प्रश्न होता. शिफारस रॉकेलमिश्रित पाण्याची आहे, पण रेशनवर रॉकेल मिळायचं बंद होऊन किती वर्षं झाली. डेअरीतला पोरगा म्हणाला, धुण्याच्या पावडरचं पाणी करून बघूया, किटल्या धुताना त्यात माश्या बुडून मरतात. केंद्रातल्या भुंगेऱ्यांवर करून बघितलं. वर तरंगतात, थोडा वेळ पाय मारतात, मग बुडतात. चालेल.

झाडांवर कीटकनाशक फवारायचाही एक उपाय आहे. मी तो गावात नको म्हटलं. इथल्या लिंबाखाली म्हातारी माणसं बसतात, पोरं खेळतात, शेळ्या पाला खातात. जे हातानं होतं ते हातानं करावं.

६ मे, मंगळवार

राजर्षी शाहू महाराजांची पुण्यतिथी. सकाळी दहाला केंद्रात सगळे उभे राहिलो. आमच्या जिल्ह्यात पाटपाणी, धरण, शेतीची अवजारं, काहीही बोलायला गेलं की धागा त्यांच्यापाशी जाऊन पोचतो. राधानगरीचं धरण त्यांनी मनावर घेतलं. १९२२ मध्ये ते गेले तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं, पुढं स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. रांगेत मामा शेजारी उभे होते. त्यांचे आजोबा त्या धरणावर दगड वाहायला होते.

दुपारनंतर दक्षिणेला ढग. उकाडा असह्य. संध्याकाळी चार थेंब आणि नुसता वारा.

८ मे, गुरुवार (रात्री साडेअकरा)

हात धुतले तरी वास जात नाही. लिहूनच झोपते.

काल दुपारी चारला गारांसकट पाऊस झाला, तासभर. माती वीतभर भिजली. आज सातपासून आम्ही मोठ्या लिंबाखाली उभे. सव्वासात, काही नाही. पोरं कंटाळून एकमेकांच्या तोंडावर बॅटऱ्या मारायला लागली. साडेसातला कुणीतरी "गप्प!" म्हणून ओरडलं. आधी आवाज आला. दुरून, जमिनीलगत, सूतगिरणीच्या घरघरीसारखा. मग बॅटरीच्या झोतात एकेक ठिपका दिसायला लागला. सगळे माळाकडून येत होते आणि सगळे वर, लिंबाच्या शेंड्याकडं जात होते. पाचेक मिनिटांत झाड बोलायला लागलं. पानांची सळसळ, पण वारा नव्हता.

खाली जुनी ताडपत्री आणि दोन साड्या अंथरल्या होत्या. आकडीनं फांदी हलवली तसे ते टपाटपा पडायला लागले, चिंचा झोडपल्यासारखे. पडल्यावर क्षणभर निपचित, मग उडायची तयारी. त्या क्षणभरात वेचायचे. एक भुंगेरा माझ्या ओढणीत अडकला. सोडवताना बघितलं, पायांना करवतीसारखे दाते आहेत, बोटाला घट्ट धरतो. बहुतेक जोड्याच होत्या.

मोजायचे कसे हा प्रश्न पोरांनी सोडवला. घरून धान्य मोजायचं मापटं आणलं. एक मापटं भरून भुंगेरे नीट मोजले, मग पुढं मापटीच मोजली. मोठ्या लिंबाखाली नऊ, परड्यातल्या लिंबाखाली चार, ओढ्याकाठच्या दोन बाभळींखाली मिळून सहा. तात्या कुणी न बोलावता आले होते, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन. बादलीत वाकून बघत म्हणाले, "ह्येच समदे माझ्या रानात गेलं असतं." आणि मग फांदी हलवायची आकडी त्यांनी कुणाला दिलीच नाही.

माळाच्या पलीकडच्या वाडीत आज कुणी गोळा केले नाहीत. तिथूनही आवाज येत होता. भुंगेऱ्याला गावाची शीव कळत नाही. उद्या वाडीत जायचं.

९ मे, शुक्रवार

वाडीत सकाळी डेअरीच्या वेळेला गेले. बादली सोबत नेली होती. बोलायची फारशी गरज पडली नाही.

११ मे, रविवार

उद्या पौर्णिमा. लख्ख चांदणं, त्यामुळं केंद्रातल्या प्रकाश सापळ्यात अगदी थोडे पडले. चांदण्या रात्री दिव्याकडं ते कमी येतात. झाडांवर मात्र येतातच. ज्यांनी नुसत्या सापळ्यावर भरवसा ठेवला त्यांना वाटलं भुंगेरे संपले. सापळा सोयीचा आहे, त्यानं कळतं की भुंगेरे निघालेत की नाही. गोळा करायला माणसंच लागतात.

वाडीतून आज सात मापटी.

१५ मे, गुरुवार

बचत गटाच्या खोलीत सोयाबीनची उगवण चाचणी. पेरणीचं बियाणं घरचं असो वा दुकानाचं, आधी उगवून बघायचं. एवढी साधी गोष्ट दरवर्षी राहते आणि दुबार पेरणीला कारण होते. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ. मळणी यंत्र जोरात फिरलं, पोती एकावर एक फार उंच रचली, कुणी पोतं आपटलं, की आतला कोंब दुखावतो. वरून दाणा टपोराच दिसतो.

रद्दी पेपर पाण्यात भिजवून त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, वरून दुसरा ओला कागद, सुरळी करून प्लास्टिकच्या पिशवीत. अशा अकरा घरच्या अकरा सुरळ्या आणि एक दुकानातून आणलेल्या पिशवीतली. प्रत्येकीवर मालकिणीचं नाव. घरात सावलीत ठेवून रोज ओल बघायची जबाबदारी त्यांचीच.

२० मे, मंगळवार

सुरळ्या उघडल्या. खोलीत परीक्षेच्या निकालासारखी शांतता. ओला कागद उलगडताना आतून कोवळा हिरवट वास येतो. एकीचे चौऱ्याऐंशी उगवले, एकीचे अठ्ठ्याहत्तर, बहुतेकींचे सत्तरच्या वर. एकीचे एकसष्ट. तिचा चेहरा पडला. तिला समजावलं की बियाणं टाकून द्यायचं नाही, प्रमाण वाढवायचं. सत्तर टक्के उगवणीला एकरी तीस किलो धरलं, तर एकसष्टला साडेचौतीस किलोच्या आसपास. पाटीवर हिशेब तिनंच केला.

दुकानातल्या पिशवीचे अठ्ठेचाळीस निघाले. पिशवी घेणारीनं पावती मागून घेतली होती, हे नशीब. दुकानदारानं सुरळी बघून पिशवी बदलून दिली, वाद न घालता. दिली नसती तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार, तालुका समितीचा पंचनामा, असा रस्ता आहे, पण त्यासाठी पावती, पिशवीवरचं लेबल आणि मूठभर बियाणं जपलेलं हवं. सगळ्या जणींनी हे लिहून घेतलं. आता त्या शेजारच्या गल्लीतल्या बायकांना शिकवणार आहेत, मला न बोलावता. माझ्या मते या उन्हाळ्यातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट.

बाहेर पाऊस. आठवडा झाला, रोज आहे.

२३ मे, शुक्रवार

हा वळीव राहिलेला नाही. वळीव येतो, झोडपतो, जातो, दुसऱ्या दिवशी ऊन पडतं. हा रात्रंदिवस लागलाय. नांगरून ठेवलेल्या रानांत पाणी उभं आहे, ढेकळं विरघळून गेली.

गावाची खरी अडचण धूळवाफेची. आमच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत भाताची पेरणी रोहिणीत, कोरड्या भुसभुशीत मातीत कुरीनं, म्हणजे पेरणीच्या अवजारानं, करतात. बी धुळीत वाट बघतं आणि मृगाच्या पावसावर उगवतं. लावणीचा खर्च वाचतो, पीक लवकर येतं. पण त्याला धूळ लागते. रोहिणी परवावर आली आणि रानात पाय घातला तर घोट्यापर्यंत रुततो.

डेअरीत आज एकच विषय. "घात कवा यील, म्याडम?" घात म्हणजे पेरणीजोगी ओल. मला हवामान खात्याचा अंदाज वाचून दाखवण्यापलीकडं काही सांगता आलं नाही, आणि तो अंदाज पावसाचाच होता.

२६ मे, सोमवार

मान्सून केरळात २४ तारखेला पोचला. नेहमीची तारीख १ जून, आणि २००९ नंतर इतक्या लवकर तो आलेला नव्हता. काल देवगडला, आज मुंबईत. काल रोहिणी निघाली, आणि पेरणी एकाही रानात नाही.

दुपारी केंद्रात बसून सगळ्यांनी ठरवलं. लोकांना थांबा म्हणून चालणार नाही, दुसरं काहीतरी हातात द्यायला हवं. धूळवाफ गेली तर तरवा, म्हणजे लावणीसाठी वाफ्यावर वाढवलेली भाताची रोपं. ज्यांना रोपलावण शक्य आहे त्यांनी आताच गादीवाफ्यावर तरवा टाकायचा. उंचवट्याचा वाफा असला की पाणी साठत नाही, बी कुजत नाही. केंद्राच्या आवारात उंच जागा आहे. ज्यांची रानं पाण्यात आहेत त्यांच्यासाठी तिथं वाफे करायची परवानगी वरिष्ठांनी एका फोनवर दिली.

३० मे, शुक्रवार

कालपासून विकसित कृषी संकल्प अभियान सुरू झालं. देशभर १२ जूनपर्यंत शास्त्रज्ञांनी गावात जायचं आहे. आमच्या गावाला आज गाडी आली. ठरलेला विषय एकूण खरीप नियोजन. लोकांनी पहिल्या पाच मिनिटांत तो तरव्यावर आणला, आणि आलेल्या भात शास्त्रज्ञांनी कागद बाजूला ठेवून तरव्यावरच दोन तास उत्तरं दिली. वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची, त्यातल्या सिलिकामुळं रोप ताठ होतं. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं असतानाच लावायचं, जुनं करायचं नाही. एका जागी तीन-तीन काड्या, जास्त नाही.

बैठक सकाळी साडेसातला, डेअरीच्या पडवीत. माणसं पायरीपर्यंत उभी होती.

३ जून, मंगळवार

पावसानं दोन-तीन दिवसांपासून उघडीप दिली आहे. गादीवाफे तयार, एक मीटर रुंद, वीतभर उंच.

मिठाच्या पाण्याचं प्रात्यक्षिक वाफ्याशेजारीच घेतलं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, चांगलं ढवळून त्यात भाताचं बी ओतायचं. पोचट आणि रोगट दाणे वर येतात, भरलेले तळाला बसतात. बादलीत हात घालून तात्यांनी वरचा थर ओंजळीत घेतला, एकेक दाणा नखानं सोलून बघितला. आत काही नाही, किंवा काळपट भुकटी. "एवढं दरसाल पेरत हुतो व्हय मी?" आवाज दबका होता. बी तीन वेळा साध्या पाण्यानं धुवायचं, नाहीतर मीठ कोंबाला लागतं. मग सावलीत सुकवायचं, त्यानंतर बुरशीनाशक, आणि पेरायच्या आधी जिवाणू खत.

काढलेले पोचट दाणे आक्कांनी धुऊन कोंबड्यांना नेले.

८ जून, रविवार

मृग निघाला आणि पाऊस गायब. उलटं वर्ष आहे. पण या उघडिपीनं रानांना घात आली आणि गाव दिवस-रात्र रानात आहे. सोयाबीनच्या टोकणी चालू. सुरळ्या केलेल्या अकराही घरांची पेरणी झाली. एकसष्टवालीनं साडेचौतीस नाही, पस्तीस किलो टाकलं.

उशिरा का होईना, माळाच्या कडेच्या काही रानांत धूळवाफही साधली. कुरीमागं चालणाऱ्या एका काकूंनी लांबून हात केला.

१५ जून, रविवार

पाऊस पुन्हा सुरू. संध्याकाळी नदीकाठच्या रानातून फोन आला, "इथं बी उडायलेत, पण झाडावर बसंनात."

ती दुसरी जात. माळावरची आणि नदीकाठची हुमणी वेगळी. नदीकाठची जूनच्या पावसात निघते आणि माळावरचीसारखी लिंब-बाभळीवर गोळा होत नाही. जमिनीलगत उडते, तिथंच जोडी जमते, पुन्हा मातीत. म्हणजे आमची ताडपत्री आणि आकडी तिथं निकामी. माणसं ओळीनं उभी राहून बॅटरीच्या उजेडात हातानं आणि माशांच्या जाळीनं जेवढे मिळतील तेवढे धरत होती. दोन मापटी जेमतेम. काठाच्या रानांसाठी बुरशीवरच जास्त भर द्यावा लागणार. हे एप्रिलमध्येच वेगळं मांडायला हवं होतं. मी माळाचीच गोष्ट साऱ्या गावाला सांगत होते.

१८ जून, बुधवार

शाळा परवा सुरू झाली. तरी सकाळी सहाला तीन पोरं खड्ड्यांवर हजर.

एप्रिलचे पाच खड्डे, त्यांच्याच शेजारी नवे पाच. या वेळी कुदळ नाही, खुरपं आणि पीठ चाळायची जुनी चाळण. पहिल्या दोन खड्ड्यांत काही नाही. तिसऱ्यात वीतभर खाली दोन अंडी मिळाली, पांढरी, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगलेली. उजेडात धरली तर एकीच्या आत दोन तांबडे ठिपके दिसले, अळीचे जबडे. चौथ्यात तांदळाएवढी अळी, नुकतीच निघालेली. पाचवा रिकामा. वाडीच्या बाजूच्या रानात, जिथं आम्ही पहिल्या रात्री पोचलो नव्हतो, तिथं एकाच खड्ड्यात सहा अळ्या.

शेणखतात मेटारायझियम मिसळून ढीग आठवडाभर ओला ठेवला होता, गोणपाटाखाली. एकरी आठ किलोच्या हिशेबानं आज वाडीच्या रानापासून सुरुवात केली. मातीत ओल आहे, वर ढग आहेत, बुरशीला हवं ते सगळं आहे. तात्या सरीत खत टाकत पुढं, मामा मागून माती लावत. म्हातारबा बांधावर बसून विचारत होते, हिरवी व्हायला किती दिवस लागतील. पावसावर आहे, म्हटलं, ऑगस्टात पुन्हा खड्डे घेऊ तेव्हा बघायला या.

धाकट्या पोरानं अळी बाटलीत घेतली, वर चिमूटभर माती टाकली, झाकणाला सुईनं भोकं पाडली. चिठ्ठीवर त्यानंच लिहिलं : माळ, खड्डा क्रमांक ४, १८ जून.